रविवारचा पहारा

उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर दिसायला लागल्या की माझा संशय जागा होतो. बाकीच्यांना या दिवसांत गुऱ्हाळ आठवतं, हुरडा आठवतो. मला आठवतो आईचा प्रश्न. सांगलीत आमच्या गल्लीपर्यंत कारखान्याच्या मळीचा वास येतो, सकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर जळक्या पाचटाची काळी कुसळं येऊन बसतात, आणि ती झटकता झटकता मी मनाशी म्हणते, आज रविवार. कार्टी उठली असेल का? उठली असेल तर गेली असेल का? गेली असेल तर कुठं गेली असेल?

कार्टी म्हणजे माझी मुलगी रूथ. साताऱ्याला कॉलेजात आहे, तिथंच चार मुलींबरोबर खोली घेऊन राहते. रविवारी दुपारी मी तिला फोन करते. जेवलीस का, अभ्यास कसा चाललाय, थंडी आहे का, हे सगळं आधी विचारायचं, म्हणजे ती बेसावध होते. मग हळूच, "वचन कोणतं होतं गं आज?"

आमच्याकडं रविवारच्या उपासनेत पाळक शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एक वचन घेतात आणि त्यावर बोलतात. माणूस खरंच चर्चला गेला होता की गावभर उंडारत होता, हे ओळखायची आमच्या घरातली ही जुनी परीक्षा. वचन सांगता आलं की पास. पण हल्ली या परीक्षेत काही राम राहिला नाही. साताऱ्याची उपासना आता मोबाईलवर दिसते. अंथरुणात लोळत, एका हातानं मॅगी खात वचन कळतं. म्हणून मी आडवे प्रश्न काढलेत. दानाची पिशवी कुणी फिरवली? तुझ्या शेजारी कोण बसलं होतं? मागच्या खिडकीची काच बसवली का?

"आई, तू पोलिसात का नाही गं गेलीस?" रूथ म्हणते.

ती हसते आणि विषय बदलते. काचेचं उत्तर तिच्याकडून काही मिळालं नाही.

माझी आई असती तर तिनं ते काढून घेतलं असतं. आई आष्ट्याजवळच्या एका गावात उपकेंद्रावर नर्स होती. समोरचं पोर खरंच आजारी आहे की शाळा बुडवायला आलंय, हे ती सुई बाहेर काढायच्या आधी ओळखायची. तीच नजर तिनं घरात चालवली. संध्याकाळी दिवे लागले की घरातली उपासना. चटईवर सगळ्यांनी बसायचं, एक गीत म्हणायचं, आणि प्रत्येकानं एकेक वचन पाठ म्हणायचं. येशूला रडू आलं त्याबद्दलचं एक वचन आहे, अवघ्या दोन शब्दांचं. जगातल्या सगळ्या ख्रिस्ती पोरांना बाकी काही नाही आलं तरी ते येतं. मी तेच म्हणून मोकळी व्हायचे. आई म्हणायची, "त्यो तुज्यासारखी पोरं बघूनच रडला आसंल. दुसरं म्हण."

माझी थोरली बहीण सांगलीला कॉलेजात गेली. पहिल्या वर्षी ती दर आठवड्याला घरी यायची. दुसऱ्या वर्षी तिचा रविवार सुटला. तिसऱ्या वर्षी ती घरातून सुटली. लग्न करून गेली ती परत आमच्या चर्चच्या पायरीला लागली नाही. आईनं तिचं नाव घेणं बंद केलं, पण संध्याकाळी चटईवर तिची जागा कुणाला बसू देत नसे. माझी कॉलेजची वेळ आली तेव्हा आईचा सांगलीवर राग बसलेला, जणू तिथल्या पाण्यातच काही कालवलंय. म्हणून मला साताऱ्याला घातलं. ट्रंकेत तळाशी शास्त्र, वर गीतांचं पुस्तक, त्यावर कपडे. आणि स्टँडवर, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात अट.

"एक गेली. दुसरी जाऊ देणार न्हाई. एक रविवार चुकला का कॉलेज बंद. त्याच एस्टीनं माघारी."

ती बोलली की करायची. मला शिकायचं होतं. त्या सबंध हंगामात माझ्या डोक्यात एवढीच एक गोष्ट होती, की काहीही झालं तरी मला माघारी जायचं नाही.

खोली बघायला दादा आले होते, म्हणजे माझे वडील. मऊ माणूस. घरगुती खोलीच हवी, ही आईची दुसरी अट, आणि तशी एकच मिळाली. राजवाड्याच्या मागच्या बाजूला, सैन्यातून सुभेदार होऊन परतलेल्या एका गृहस्थांच्या घरात, माडीवर. खिडकी उघडली की समोर अजिंक्यतारा, खाली परसात लिंबाचं झाड. सुभेदारांच्या बायकोला मी पहिल्या दिवसापासून काकू म्हणाले. काकूंनी आम्हाला चहा दिला आणि दादांची चौकशी सुरू केली.

"जाधव म्हंजी कुठलं जाधव?"

"आष्ट्याचं," दादा म्हणाले.

"तसं न्हवं. पावनं कुठलं तुमचं? कुळदैवत कंचं?"

दादांनी बशीतला चहा संपवला, घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाले, "एस्टी चुकंल आता." खोटं बोलले नाहीत. खरंही बोलले नाहीत. आमचं आडनाव चारचौघांसारखं, माझं नाव करुणा, तेही चारचौघींसारखं, त्यामुळं काकूंचा प्रश्न तसाच हवेत राहिला आणि खोली मिळाली.

तेव्हापासून माझं मधल्यामधे झालं. रविवारी चर्चला गेले नाही तर आई कॉलेज बंद करणार. चर्चला जाते हे काकूंना कळलं तर खोली जाणार, आणि घरगुती खोली नाही म्हणजे पुन्हा कॉलेज बंदच. दोन्हीकडून गाडी आष्ट्यालाच जात होती.

काकूंचा स्वभाव हा असा, कुणाच्याच शब्दावर विश्वास नाही. दुधवाला पाणी घालतो म्हणून दुधात बोट बुडवून बघायच्या. शेजारीण कुजबुजली की आपल्याबद्दलच बोलते. वाण्याचा काटा, गॅसवाल्याचा सिलिंडर, पोस्टमनचा उशीर, सगळ्यांत काहीतरी काळंबेरं. मी त्यांच्या घरात राहायला गेले म्हणजे वाघाच्या गुहेत नव्हे, पण पोलीस चौकीत राहायला गेल्यासारखंच होतं. जेवणाआधी डोळे मिटून देवाचे आभार मानायची माझी लहानपणापासूनची सवय. काकूंसमोर पान वाढलं की मी डोळ्यात काही गेल्यासारखं करून डोळे चोळायचे आणि तेवढ्यात प्रार्थना उरकायचे. देवाला काय वाटलं असेल कोण जाणे.

"तुज्या डोळ्यात रोज जेवतानाच कसं गं जातंय?" काकूंनी एकदा विचारलंच. दुसऱ्या दिवशी ताटाशेजारी गुलाबपाण्याची बाटली. मला नको म्हणता येईना. मी डोळ्यांत गुलाबपाणी घालून प्रार्थना करू लागले.

आणि रविवार. सकाळी न्हाऊन, वेणी घालून, धुतलेला सलवार-कमीज घालून मी "जाऊन येते काकू" एवढंच म्हणायचे आणि मान खाली घालून बाहेर पडायचे. शास्त्र पिशवीत, वर वही. दुपारी परत. काकू दारात उभ्या राहून मी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघायच्या. मला वाटायचं, यांना कळलंय. रोज वाटायचं. रात्री खाली सुभेदार आणि काकू बोलत बसले की मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून कान लावायचे. नुसतं लसणाचे भाव ऐकू यायचे.

चर्चमधेही सुटका नव्हती. पाळकांची बायको, आम्ही पाळकबाई म्हणायचो, चष्म्याच्या वरून बायकांच्या बाकांकडं बघायच्या. त्या आणि आई एकदा महिलांच्या शिबिरात भेटल्या होत्या, एवढं मला ठाऊक होतं. मग आईची हेर याच, हे मी ठरवून टाकलं. एसटीडी बूथवरून आईला फोन केला की वचन सांगायचं, गीतं सांगायची, आणि आई शेवटी म्हणायची, "बरं. बघते." काय बघणार होती ती? कुणाकडून बघणार होती? मी पाळकबाईंसमोर मुद्दाम पुढच्या बाकावर बसायला लागले. गीत मोठ्यानं म्हणायचे. भक्ती कमी आणि हजेरी लावण्याचं काम जास्त.

दिवाळी होऊन गेली, थंडी पडली, आणि पाळकांनी जाहीर केलं, येत्या रविवारी हंगामाचा सण. आमच्याकडं शेतात, परसात जे पिकलं असेल त्यातलं पहिलं, चांगलं, देवाच्या घरी आणायचं. कुणी ज्वारीची कणसं, कुणी भोपळा, कुणी कोंबडी. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो, पैसे चर्चला. घरी आम्ही परसातली वांगी न्यायचो. साताऱ्यात माझ्याकडं काय होतं? एक ट्रंक आणि एक पाण्याची बाटली. रिकाम्या हातानं जाववेना. शनिवारी संध्याकाळी मी काकूंना म्हणाले, "काकू, झाडाची दोन लिंबं घेऊ का?"

"कशाला?"

"लागतायत."

"रविवारच्याला लिंबं कशाला लागत्यात?"

मी परसाकडं वळले. काकूंनी लिंबं दिली, देठाला पानं ठेवून, पण माझ्याकडं असं काही बघितलं की मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. पोरगी दर रविवारी न्हाऊनमाखून, मान खाली घालून जाते. कुठं ते सांगत नाही. आता लिंबं नेते. काकूंनी दोन आणि दोन पाच केले. पोरीचं बाहेर कुणीतरी आहे, आणि आता ही त्याच्यावर काहीतरी करणी करायला निघाली, किंवा तोच हिच्यावर. त्यांनी सुभेदारांना माझ्या पाळतीवर लावलं.

मला पत्ता नव्हता. चर्चच्या दारात उसाची कमान उभी केली होती, आत पेरू, पपया, मेथीच्या जुड्या, बाकाखाली पाय बांधलेली कोंबडी. पहिलं गीत सुरू होतं आणि मी सहज दाराकडं बघितलं तर बाहेर सुभेदार. कानटोपी, गळ्यात मफलर, सायकल भिंतीला टेकवत होते. तोंडातलं गीत तिथंच थांबलं. संपलं, आता खोली गेली, कॉलेज गेलं, आष्टा. पाळकबाई दारात गेल्या, "सलाम, या, आत या," असं आमच्या रीतीनं म्हणून त्यांना पुरुषांच्या शेवटच्या बाकावर बसवून आल्या. प्रार्थनेला सगळे उभे राहिले तेव्हा मी बोटांच्या फटीतून मागं बघितलं. सुभेदार सावधानमधे उभे होते, टाचा जुळवून, मुठी मांडीला लावून, कानटोपी काढून.

मग लिलाव. आमच्या या लिलावाची एक तऱ्हा आहे. वस्तूच्या भावाशी कुणाचं देणंघेणं नसतं. देवाला द्यायचं म्हणून बोली चढवायची, आणि घेतलेली वस्तू पुन्हा लिलावात ठेवायची. एकच पपई चारदा विकली जाते. हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. लिलाव करणारे वयस्क गृहस्थ ताटली उंच धरून म्हणाले, "करुणा जाधव यांच्याकडून दोन लिंबं!"

सुभेदारांची मान वर झाली. ते लिंबांकडं बघत राहिले. मग थोडे पुढं सरकले. काकूंच्या झाडाची लिंबं देठाशी जरा फुगीर असायची, ती बघितली की ओळखू यायची. पेटी वाजवणाऱ्या मास्तरांनी बोली लावली. सुभेदार उभे राहिले आणि त्यावर बोलले. मास्तर हसून चढले. सुभेदार आणखी चढले. सगळं चर्च मागं वळून बघायला लागलं. घरच्या झाडाची लिंबं, आणि ती हा पेटीवाला घेऊन जाणार? सुभेदारांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. शेवटी मास्तरांनी हात जोडले. टाळ्या पडल्या.

"पाहुण्यांनी घेतली!" लिलाव करणारे गृहस्थ म्हणाले आणि ताटली पुढं केली. "पुन्हा ठेवायची ना लिलावात?"

"पुन्ना कशाला?" सुभेदारांनी लिंबं कोटाच्या खिशात घातली. "घेतली न्हवं मी?"

सगळे हसले. मला मात्र रडायला येत होतं.

परतताना ते सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होते. पोवई नाक्याशी आल्यावर त्यांनी विचारलं.

"तू ख्रिश्चन हायस व्हय?"

"हो."

"मग सांगायचं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही खोली दिली नसती."

त्यांनी विचार केला. "न्हाई दिली आसती," ते म्हणाले. "हिनं तर न्हाईच दिली आसती." खरं बोलले, याचंच मला जास्त वाईट वाटलं. मग थोड्या वेळानं, "पलटणीत रविवारी मंदिर परेड असायची. ज्येचा त्येचा देव. मद्रासी पोरांसंगं मी चर्चमधीबी बसलोय. तितं लिलाव नसायचा पर. येडी हायत का तुमची लोकं, लिंबाला एवढं?"

घरी काकू ओसरीवरच उभ्या.

"कुटं हाय त्यो पोरगा?"

"पोरगा न्हाई. चर्च हाय."

"चर्चमधला पोरगा?"

"अगं बाई, पोरगा न्हाईच! पोरगी ख्रिश्चन हाय. देवाला जाती." असं म्हणून त्यांनी खिशातून लिंबं काढली. काकूंनी ती बघितली. उलटीपालटी करून बघितली.

"ही तर आपल्या झाडाची."

"व्हय."

"तुमी इकत आणली?"

सुभेदार मफलर सोडायला लागले. मग काकूंनी हात मागं घेतला, पदराला पुसला. "तितं ह्येच्यावर कायबाय म्हटलं आसंल. मंतरलेली तर न्हाईत न्हवं?" आणि चिमट्यात धरून ती लिंबं परसातल्या भिंतीवर ठेवली, घरापासून लांब.

मला कुणी काहीच बोललं नाही. जा म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. माडीच्या खिडकीतून ती दोन लिंबं दिसायची. रोज उठले की आधी तिकडं बघायचे. ती भिंतीवर आहेत म्हणजे काकूंचं अजून ठरलेलं नाही. काकू पाळत ठेवून होत्या, दूध नासतंय का, तुळस वाळतेय का, सुभेदारांना काही होतंय का. मीही पाळत ठेवून होते, काकूंच्या तोंडावर. देवा, दूध नासू देऊ नको, अशी प्रार्थना आजवर दुसऱ्या कुणी केली असेल असं मला वाटत नाही. गुलाबपाणी न घालता केली होती ती.

मग एका दुपारी कॉलेजातून आले तर भिंत मोकळी. स्वयंपाकघरात गेले. काकू मोहरी वाटत होत्या, आणि पुढ्यात चिरलेल्या फोडी.

"सुकाय लागली हुती," माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या. "किती दिस संशय घ्यायचा लिंबावर? आनि एवढं पैसं घातल्यात ह्येंनी. मीठ दे ते हिकडं."

मी मीठ दिलं. माझ्या डोळ्यातलं पाणी या खेपेला खरं होतं, पण काकूंना वाटलं मोहरीनं आलं.

काकूंचा संशय तिथं संपला असं कुणी समजू नये. तो फक्त नवऱ्याकडं वळला. "पोरगी येकटी जाती," म्हणत सुभेदार दर रविवारी मला सोडायला निघाले आणि परतल्यावर काकू त्यांचं तोंड हुंगायच्या. "तितं कायतरी पाजत्यात म्हणं. तुमाला न्हाई न्हवं पाजलं?" सुभेदारांना लिलावाची चटक लागली होती, लिलाव वर्षातून एकदाच असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

नाताळाच्या आधी आई आली, तपासणीला. मी हादरलेच. दोन्ही बायका ओसरीवर समोरासमोर बसल्या आणि एकमेकींना आपादमस्तक बघितलं. जेवायला वाढलं, पानात ते लोणचं. मूर्तीपुढचा नैवेद्य आमच्याकडं चालत नाही, म्हणून आईनं माझ्या कानात विचारलं, "देवापुढं ठेवल्यालं न्हाई न्हवं?" तेवढ्यात काकू दुसऱ्या बाजूनं म्हणाल्या, "बाई, तुमच्या चर्चचं हाय बरं का लोणचं. तुमी म्हटल्यालं काय त्रास देत न्हाई न्हवं?" दोघींनी एकमेकींकडं बघितलं. आधी काकूंनी फोड तोंडात घातली की आधी आईनं, हे मला आजही सांगता येत नाही. दोघी एकमेकींची वाट बघत होत्या एवढं खरं. जेवणं होईपर्यंत पोरींवर लक्ष कसं ठेवावं यावर त्यांचं एकमत झालं होतं. निघताना आईनं काकूंचा हात धरला. "चुकली तर मला कळवा."

त्यानंतर रविवारी सकाळी काकूच माडीवर यायच्या. पांघरूण ओढायच्या. "ऊठ की गं! चर्च चुकवलंस तर तुजी आई मला इचारील." परीक्षा असो, ताप असो. ज्या बाईच्या भीतीनं मी माझा देव लपवला तीच मला देवाकडं हाकलत होती, आणि मला तेही आवडत नव्हतं. आपला देव आपला असावा. त्याच्यावर पहारेकरी कशाला?

एक रविवार तसा मिळाला. सुभेदारांच्या गावी ऊसतोडीची टोळी आली म्हणून दोघं गावाकडं गेले. आई कुठल्याशा सरकारी प्रशिक्षणाला गेलेली, फोन करायचा नव्हता. पाळकबाई माहेरी. मला हे सगळं आधीच ठाऊक होतं, आणि शनिवारी रात्री मी अगदी सुखानं झोपले. सकाळी उठायचं नाही. कुणी बघत नव्हतं. घंटा झाली, मी पडून होते. ऊन भिंतीवर आलं. आणि मग मला असं वाटायला लागलं, की सगळे गेलेत खरे, पण कुणीतरी बघतंय. रागाच्या फणकाऱ्यात उठले, वेणी न घालताच गेले, अर्धी उपासना होऊन गेली होती. मागच्या बाकावर बसले. मी आले ते सवयीनं आले, भीतीनं आले की मनापासून आले? तेव्हाही कळलं नाही. पण मी हलक्या आवाजात गीत म्हटलं, कुणाला ऐकू जाऊ नये असं, आणि त्या दिवसाचं वचन मला अजून पाठ आहे. कुणीच विचारलं नव्हतं.

आई गेली, काकूही गेल्या. माझ्या सांगलीच्या परसात लिंबाचं झाड आहे, मी लावलेलं. आणि मी, जिनं एवढं सोसलं, ती आज रूथला खिडकीची काच बसवली का विचारते. लाज वाटते, पण भीती त्याहून मोठी आहे. हल्ली खोली देताना मालक सरळ धर्म विचारतात, आणि पोरी सरळ सांगतात, ते आमच्यापेक्षा बरं. पण बहिणीची चटईवरची रिकामी जागा मी बघितलेली आहे. माझ्या घरात तशी जागा मला नको आहे. बाकी काही मागणं नाही.

यंदा सांगलीचा आणि साताऱ्याचा हंगामाचा सण एकाच रविवारी आला. मी रूथला म्हणाले, सणाला ये. ती म्हणाली, "नाही गं जमणार, परीक्षा आहे. इथंच जाईन चर्चला." फार पटकन म्हणाली. उत्तर तयार ठेवल्यासारखं. माझ्या कानाला ते लगेच खटकलं. रूथच्या वडिलांना हंगामात रविवार नसतो, कारखान्यात ड्यूटी, त्यामुळं मला अडवणारं कुणी नव्हतं. लिंबांची टोपली मी शेजारच्या मार्थाबाईंकडं दिली, अंग मोडून आलंय म्हणून सांगितलं, आणि पहाटेच पहिल्या एस्टीनं साताऱ्याला निघाले. बाहेर धुकं, उसाच्या ट्रॉल्यांमागं एस्टी रखडत होती. कराडच्या स्टँडवर समोरच्या फलाटाला सांगलीची गाडी उभी होती, खिडक्या बंद, आत शाली गुंडाळून झोपलेली माणसं. एवढ्या पहाटे कोण चाललंय सांगलीला, असं माझ्या मनात आलं, आणि मी चहा घेतला.

साताऱ्याच्या चर्चला तशीच उसाची कमान होती. मी शेवटच्या बाकावर बसले, डोक्यावरून पदर घेऊन. सुभेदार बसले होते तो बाक पलीकडं. पहिलं गीत झालं. कॉलेजच्या पोरींच्या रांगा मी एकेक करून बघितल्या. निळी ओढणी तिची नव्हे. उंच पोरगी तिची मैत्रीण वाटली, तीही नव्हे. प्रार्थनेत बोटांच्या फटीतून बघितलं. पाळक बोलत होते तेव्हा दाराकडं बघितलं, उशिरा येईल म्हणून. आली नाही. आशीर्वाद झाला. आली नाही. माझी पोरगी आली नाही. मला आईची चटई दिसायला लागली. मागच्या खिडकीची काच मात्र बसवलेली होती.

लिलाव सुरू झाला आणि पिशवीत फोन थरथरला. रूथ. मी व्हरांड्यात आले आणि रागानंच फोन उचलला.

"आई, कुठं आहेस तू?" तीच आधी बोलली.

"चर्चमधे," मी म्हणाले. "तू सांग तू कुठं आहेस."

"मी आपल्या चर्चमधे उभी आहे, सांगलीला! पहाटेच्या गाडीनं आले. तुला चकित करायचं होतं. तुझी लिंबं इथं आहेत, मार्थाबाईंनी आणली. तू नाहीस. त्या म्हणतात, अंग मोडून आलंय. घरी पळत जाऊन आले, तर कुलूप."

तिच्या मागं सांगलीचा लिलाव ऐकू येत होता, माझ्या मागं साताऱ्याचा.

"आई, खरं सांग," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बारीक झाला. असा आवाज मी पूर्वी ऐकलेला होता, आईचा, स्टँडवर, सगळ्यांसमोर, पण तेव्हा तो मोठा होता म्हणून त्यातली भीती मला कळली नव्हती. "तू चर्चला जायचं सोडलंस का? मी इथं नसते म्हणून?"

"नाही गं बाळा. चर्चमधेच आहे. देवाशपथ."

"हो? मग सांग, वचन कोणतं होतं?"

मी तोंड उघडलं. सबंध उपासनाभर मी ओढण्या बघत होते, दार बघत होते, काच बघितली होती. पाळक कितीतरी वेळ बोलले, त्यातला एक शब्द माझ्या कानात शिरला नव्हता.

"आई?" रूथ म्हणाली.

आत कुणीतरी भोपळ्यावर बोली चढवली आणि माणसं हसली. काहीतरी म्हणायला हवं होतं, कोणतंही, पण मला ते दोन शब्दांचं वचनसुद्धा आठवेना.